अन्नाचे सन्निधान आणि मद्याचे कपाट

मौसलपर्वातील प्रभासक्षेत्रीचा प्रसंग वाचताना वाचकाचे चित्त बहुधा ऋषिशापावर आणि एरकातृणावर खिळून राहते. सांबाला स्त्रीवेष देऊन केलेली थट्टा, लोखंडी मुसळ, त्याचे समुद्रात टाकलेले चूर्ण, हा कथाभाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु शाप आणि संहार या दोहोंच्या मध्ये एक लहानशी घटना घडते, तिच्याकडे निरूपणकारांचेही पुष्कळदा दुर्लक्ष होते. शाप झाल्यानंतर द्वारकेत दवंडी पिटविण्यात आली. आजपासून वृष्णि आणि अंधक यांच्या नगरात कोणीही मद्य तयार करू नये. जो करील त्यास बांधवांसह सुळी द्यावे. ही आज्ञा आहुक, बलराम, बभ्रू आणि श्रीकृष्णचक्रवर्ती यांच्या नावे निघाली होती. नगरजनांनी भयाने का होईना ती मान्य केली.

मग यादव प्रभासास गेले तेव्हा मद्य आले कोठून? महाभारतकारांनी हे स्पष्ट सांगितले आहे. तीर्थयात्रेस निघताना अंधक-वृष्णींनी नाना प्रकारचे भक्ष्य, भोज्य आणि पेय सिद्ध केले आणि त्याच सामग्रीत मद्य व मांसही घेतले. म्हणजे मद्य निराळ्या वाटेने आले नाही. ते शिध्याबरोबर आले. ज्या नगरीत मद्य गाळणाऱ्यास सुळाची शिक्षा होती त्या नगरीच्या वेशीतून ते पक्वान्नांच्या जोडीने बाहेर पडले आणि कोणी अडविले नाही, कारण यात्रेचा शिधा कोणी तपासीत नसतो.

पुढचा भाग याहून विचार करण्यासारखा आहे. प्रभासास पोहोचल्यावर ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न यादवांनी मद्यात कालवून वानरांना घातले. अजून कलह झालेला नाही, कोणी कोणाला अपशब्द बोललेला नाही; पण अतिथीच्या नावाने शिजलेले अन्न बिघडले आहे. त्यानंतर पानगोष्ठी सुरू झाली. सात्यकी मदाच्या भरात कृतवर्म्याला बोलला की निजलेल्यांना मारणारा क्षत्रिय कसला. कृतवर्म्याने भूरिश्रव्याच्या वधाची आठवण देऊन उत्तर केले. छत्तीस वर्षांपूर्वीच्या युद्धातील जखमा एका घटकेत उघड्या पडल्या, सात्यकीने खड्ग उपसून कृतवर्म्याचा शिरच्छेद केला, आणि भोज-अंधक सात्यकीवर तुटून पडले. त्यांनी प्रथम हाती काय घेतले? एरका नव्हे. ज्या पात्रांत ते जेवले होते ती उष्टी पात्रे त्यांनी सात्यकीला मारली. तृणाची पाळी त्यानंतर आली. अन्नाचे भांडे शस्त्र झाले, हा क्रम ग्रंथकाराने सहज लिहिलेला नाही.

आणि हे सारे श्रीकृष्णचक्रवर्तींच्या समक्ष घडले. परमेश्वर अवताराचे सन्निधान असता जीवाने काय साधावे आणि काय हुकवावे, हा पंथीय शास्त्रातील मोठा विषय आहे. त्याचा विस्तार येथे नको. एवढेच पाहावे की सन्निधान लाभूनही ज्यांचे चित्त पानपात्रात गुंतले होते त्यांना समोर कोण उभे आहे हे दिसले नाही.

या प्रसंगाचे आज निरूपण करण्यास कारण आहे. दिनांक २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट व तत्सम मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला. दुकान किमान १०० चौरस मीटरचे असावे, त्यात २.२५ घनमीटरचे कुलूपबंद कपाट असावे, परवान्याचे शुल्क ५,००० रुपये, देवस्थान व शाळा यांच्या निकट परवानगी नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही, अशा त्याच्या अटी होत्या. द्राक्ष उत्पादकांना आणि लहान वायनरींना बाजारपेठ मिळावी, हा हेतू सांगण्यात आला. राज्यात वादळ उठले. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली आणि राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनंतर ती स्थगित ठेवली. पुढे शासनाने लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या, त्याच वर्षीच्या जूनअखेर सरकार पालटले, आणि त्या वर्षी तरी तो निर्णय व्यवहारात उतरला नाही. कागदावरचे निर्णय मात्र मरत नाहीत. एका सरकारने ठेवून दिलेली फाईल दुसरे सरकार उघडू शकते. म्हणून वादळ शमल्यानंतरच त्याचा शांतपणे विचार करणे बरे. वादळात घोषणा होतात, विचार होत नाही.

प्रथम एका शंकेचे समाधान केले पाहिजे, कारण ती पंथाच्या अभ्यासकाकडूनच येण्याचा संभव आहे. सूत्रपाठाच्या आचार प्रकरणात सर्वज्ञांनी मदद्रव्यांचा विचार सांगितला आहे. इतर मदद्रव्ये सेवन केल्यावर माणसास माजवितात, आणि काही विषय असे की ते केवळ दर्शनाने माजवितात, असा तेथील भेद आहे. मग शंका घेणारा म्हणेल की मद्य हे पहिल्या प्रकारात मोडते. ते पोटात गेल्यावाचून मद आणीत नाही. बाटली फळीवर उभी राहिल्याने तांदळास वास लागत नाही, डाळ बाटत नाही. ज्याने घ्यायचे नाही त्याने घेऊ नये. फळीवरून पुढे जावे. स्वामींच्याच वचनाप्रमाणे दर्शनात दोष नाही, मग विरोध कशाला?

शंका चांगली आहे आणि ती टाळून चालणार नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. स्वामींनी सांगितलेला भेद द्रव्याच्या स्वभावाचा आहे. बाजाराने त्या द्रव्यास जे रूप दिले त्याचा नव्हे. श्रीचक्रधरस्वामींच्या काळी मद्य कलालाच्या घरी होते. ज्याला हवे तो तेथे जाई, जाण्यापूर्वी त्याच्या मनात इच्छा उत्पन्न झालेली असे, आणि त्या इच्छेस तेथवर चालत जाण्याचे कष्ट पडत. इच्छा आधी, दर्शन नंतर, सेवन शेवटी, असा तो क्रम होता. आजच्या मोठ्या दुकानाची रचना या क्रमाला उलटे करण्यासाठीच केलेली असते. तेथे माणूस साखर घ्यायला जातो आणि साखरेपर्यंत पोहोचण्याआधी दहा वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे मांडलेल्या असतात. कोणती वस्तू डोळ्याच्या पातळीवर ठेवावी आणि कोणती पैसे देण्याच्या रांगेजवळ, याचे स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते शिकविले जाते. तेथे दर्शन आधी होते, इच्छा त्यातून उपजते. म्हणजे जे द्रव्य स्वभावतः सेवनाने माजविणारे होते त्याला मांडणीच्या योगे दर्शनाने ओढणारे केले जाते. पहिल्या वर्गातील द्रव्य दुसऱ्या वर्गात बसविण्याचा हा उद्योग आहे. स्वामींचा भेद त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट त्या भेदामुळेच कपाटाचा दोष नेमका कोठे आहे ते कळते.

सर्वज्ञांच्या दृष्टांतपद्धतीस अनुसरून एक साधा दाखला घ्यावा. एका घरी महिन्याच्या पहिल्या तारखेस वाणसामानाची यादी होते. गृहिणी सांगते, मुलगी लिहिते: गहू, तूरडाळ, गूळ, तेल, चहा, साबण. गृहस्थ ती यादी घेऊन दुकानात जातो. पूर्वी त्याला मद्य घ्यावयाचे असते तर दुसऱ्या दुकानी जावे लागे, ते पैसे वेगळे काढावे लागत, ओळखीच्या माणसाने पाहिले तर मान खाली घालावी लागे, आणि घरी आल्यावर विचारणा होई. आता यादीतील वस्तूंसोबत एक बाटलीही पिशवीत पडते. बिल एक. रक्कम एक. घरी विचारले तर उत्तरही एक: किराणा महागला. ही झाली दृष्टांताची बाजू. दार्ष्टांतिक असे की जीवाचे विकारही असेच आवश्यक वस्तूंच्या यादीत नाव घालून घरात शिरतात. कोणताही विकार आपल्या नावाने दार ठोठावीत नाही. भुकेच्या नावाने रसनालौल्य येते, प्रकृतीच्या नावाने आळस येतो, मुलाबाळांच्या नावाने लोभ येतो. साधकाने विकाराला त्याच्या स्वतःच्या नावाने वेगळे उभे करून पाहावयाचे असते. जे वेगळे दिसते ते टाकता येते. जे शिध्यात मिसळले ते टाकण्यासाठी शिधाच टाकावा लागतो, जसे त्या ब्राह्मणांच्या अन्नाचे झाले.

शासनाला हा भेद ठाऊक नाही असे नाही. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा किराणा जीवनावश्यक म्हणून उघडा राहिला आणि मद्याची दुकाने बंद झाली. ती ४ मेपासून पुन्हा उघडू लागली. सुमारे चाळीस दिवस मद्यावाचून राज्य चालले. धान्यावाचून चार दिवसही चालले नसते. दोन्ही वस्तूंमधील रेघ त्या वेळी शासनानेच आखून दाखविली होती.

दुसरी शंका अशी की वाईन ही फळाचा रस आहे, तिला दारू म्हणणे अज्ञान होय. द्राक्षारस आंबवून जो पदार्थ होतो त्यात साधारणतः १२ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, बिअरमध्ये याहून कमी असतो. बिअरला दारू म्हणावे आणि वाईनला म्हणू नये, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? प्रभासक्षेत्री यादव जे प्याले त्यास भागवतकार मैरेयक म्हणतात आणि ते मधुर असल्याचेही सांगतात. माधुर्याने परिणाम टळला नाही. कोणी द्राक्षासवाचे नाव पुढे करील. द्राक्षासवातही किण्वनाने उत्पन्न झालेला मद्यार्क असतो ही गोष्ट खरी. परंतु वैद्य ते चमच्याने मोजून, पाणी घालून, भोजनोत्तर, रोग असेतोवर देतो. औषधाच्या मात्रेवरून पेल्याचे समर्थन करणारास वैद्यकही कळलेले नसते आणि आचारही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक मानता येत नाही. थोडी वाईन हृदयास हितकर असते असे जे सांगितले जात होते त्याचा आधार यामुळे ढासळला आहे.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र असा झटक्यात सोडविता येणार नाही, आणि तो हसण्यावारीही नेऊ नये. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी या भागांत द्राक्षबागा करणाऱ्यांत पंथाचे पुष्कळ वासनिक आहेत. सुकेणे येथील दत्तमंदिरास येणाऱ्या भाविकांना द्राक्षाचा भाव आणि अवकाळी पाऊस या दोन गोष्टी कोणी समजावून देण्याची गरज नाही. गारपिटीने हंगाम गेलेल्या माणसास सदाचाराचे व्याख्यान ऐकविणे ही दया नव्हे. परंतु त्याच शेतकऱ्यास हेही ठाऊक आहे की त्याच्या बागेतील थॉमसन किंवा त्याच्या उपजातींची द्राक्षे खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि बेदाण्यासाठी असतात. वाईनसाठी शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक अशा निराळ्या जाती लावाव्या लागतात, आणि राज्यातील एकूण द्राक्षपिकात त्यांचा वाटा फार थोडा आहे. तेव्हा कपाट भरले म्हणून सामान्य बागाईतदाराचे कर्ज फिटेल असे नव्हे. त्याला शीतगृह, पीकविमा आणि बेदाण्यास भाव मिळवून देणे हा मोठा मार्ग असताना वायनरीचा लहान मार्ग त्याच्या नावाने पुढे केला जावा, याचा विचार त्याने स्वतःच करावा. वाईनची द्राक्षे लावलेला एखादा उपदेशी असेल तर त्याच्यापुढे खरा पेच आहे. त्याला एका हंगामात वेली उपटावयास सांगणे निष्ठुरपणाचे होईल. पण खुंट तोच ठेवून कलम बदलता येते हे बागाईतदारास शिकवावे लागत नाही.

इतर देशांनी हा प्रयोग पूर्वीच करून पाहिला आहे. फिनलंडमध्ये १ जानेवारी १९६९ पासून मध्यम प्रतीची बिअर किराणा दुकानांतून मिळू लागली, आणि त्याच वेळी ग्रामीण भागात मद्याची दुकाने उघडण्यासही मुभा मिळाली. एका वर्षात त्या देशातील मद्यसेवन सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले. लोकांचा स्वभाव एका वर्षात बदलला नव्हता. वस्तूचे ठिकाण बदलले होते. स्वीडनने १९६५ मध्ये अशीच सवलत दिली आणि कोवळ्या वयातील मुलांचे पिणे वाढल्याचे पाहून १९७७ मध्ये ती मागे घेतली. त्या देशात तीव्र मद्ये आजही मुख्यतः शासनाच्या स्वतंत्र दुकानांतून विकली जातात. तेथील लोक मद्य वर्ज्य मानणारे नाहीत, तेथील शासनही नाही. तरी अन्नाची फळी आणि मद्याची फळी वेगळी असावी एवढे त्यांनी अनुभवाने ठरविले.

आपल्याकडे उलट दिशेनेही हीच सरमिसळ चालू असते. मद्याच्या दुकानाला लागून किंवा त्याच्या दारातच शेंगदाणे, चणे, फरसाण, अंडी यांची विक्री असते. पण तेथे गेल्यावर अन्न अन्न राहत नाही, त्याचा चकणा होतो. हा शब्द शिष्टसंमत नाही, पण त्याच्या जागी दुसरा शब्द नाही. जे शेंगदाणे घरी मुलाच्या मुठीत अन्न असतात तेच तेथे पेल्याचे सेवक होतात. अन्न आणि मद्य एकत्र आले तर मद्य अन्नासारखे सात्त्विक होत नाही, अन्न मद्याच्या सेवेस लागते. प्रभासास हेच घडले.

आता पंथाच्या अंगणात येणे भाग आहे. शासनावर टीका करणे सोपे असते, कारण तेथे स्वतःचे काही सोडावे लागत नाही. वासनिकांत दुकानदार पुष्कळ आहेत. काहींची दुकाने वाढून शंभर चौरस मीटरांच्या पुढे गेली आहेत. उद्या असा परवाना मिळू लागला तर उपदेशी दुकानदाराने काय करावे? तो म्हणेल की स्वतः पिणे निषिद्ध आहे, विकणे कोठे निषिद्ध आहे. समोरचा दुकानदार ठेवतो, गिऱ्हाईक तिकडे जाते. यात गिऱ्हाईक जाण्याची भीती खरी आहे. पण उपदेशाच्या वेळी त्याने जे व्यसन स्वतःपुरते वर्ज्य केले ते तसे का केले, हे त्याने आठवावे. ते जीवास घातक आहे म्हणून केले असेल तर दुसऱ्याच्या जीवास ते हितकर कसे होईल? अहिंसा हा ज्या मार्गाचा पाया आहे त्या मार्गात दुसऱ्याच्या घरातील कलहावर आपली दिवाळी साजरी करता येत नाही. त्याने कपाट ठेवू नये, हे निःसंदिग्ध आहे. यात होणारी हानी ही त्याची तपश्चर्या समजावी, आणि इतर वासनिकांनी वाणसामान त्याच्याच दुकानातून घेऊन ती हानी भरून काढावी. दुसऱ्याच्या त्यागाचे कौतुक करून सामान स्वस्त दुकानातून आणणे, हा प्रकार पंथातही अपरिचित नाही.

मोठ्या दुकानात मजुरीवर काम करणाऱ्या तरुणाची गोष्ट निराळी. त्याला कपाटाची किल्ली दिली गेली तर तो मालक नाही, परवाना त्याचा नाही. त्याने शक्य असेल तर दुसऱ्या विभागात काम मागावे. नच मिळाले तर दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्याला दोष लावून आश्रमात खाली बसविणे उचित नाही. ज्याच्या हाती निवड आहे त्याच्यावर भार अधिक, ज्याच्या हाती नाही त्याच्यावर कमी.

उरला भिक्षेचा विचार, आणि तोच सर्वांत अवघड आहे. भिक्षुकाने घराघरांतून जे मिळेल ते झोळीत घ्यावे, दात्याचे कुळ व वैभव पाहू नये, हा स्वामींचा दंडक आहे. मग मद्यविक्रीच्या पैशातून आलेल्या पिठाचे काय? भिक्षुकाने दारात उभे राहून धनाची चौकशी करावी असे शास्त्र सांगत नाही. तसे केले तर भिक्षा ही भिक्षा न राहता तपासणी होईल. चिमूटभर पीठ घालणाऱ्या माउलीचा हात तिच्या धन्याच्या धंद्याने अडवू नये. त्या घरात दिवसभरात देण्याची तेवढी एकच क्रिया घडत असेल.

मात्र झोळीतील भिक्षा आणि आश्रमास मिळणारी देणगी एक नव्हे. भिक्षेत दाता कोण हे सायंकाळी भिक्षुकास आठवतही नाही. देणगीत दात्याचे नाव संगमरवरात कोरले जाते, त्यास पुढच्या आसनावर बसविले जाते, त्याच्या हस्ते विडाअवसर होतो. तेथे धंदा माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. सभामंडप अपुरा असतो, यात्रा तोंडावर असते, सिमेंटचा भाव वाढलेला असतो, आणि अशा वेळी कोणी लाखाची थैली घेऊन आला तर महंतांनी काय करावे, हे आसनावर न बसलेल्या माणसाने सांगणे सोपे आहे. तरीही सांगणे प्राप्त आहे. मद्याच्या परवान्यातून आलेली देणगी नम्रपणे परत करावी, आणि ती परत करताना दात्यास एकांतात बसवून कारण सांगावे. चारचौघांत सांगितले तर तो दुखावेल आणि पुन्हा येणार नाही. एकांतात सांगितले तर कदाचित तोही येईल आणि कपाटही जाईल. मंडप एका वर्षाने उशिरा होईल. तोपर्यंत यात्रेकरू कनातीखाली बसून जेवतील.

राज्यात गावकऱ्यांच्या हाती एक साधन आहे, त्याचा उल्लेख करून हे निरूपण आवरते घ्यावे. मद्याचे दुकान बंद करण्यासाठी गावातील वा प्रभागातील स्त्रिया मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्यांची चिन्हे असतात, आणि निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. कित्येक गावांनी अशी दुकाने बंद करून दाखविली आहेत. परंतु मत देता येते ते स्वतंत्र दुकानाविरुद्ध. जेथे तेच कपाट तांदळाच्या आणि तेलाच्या दुकानात असेल तेथे बाटली आडवी करायची म्हणजे किराणा दुकानाशी भांडण मांडायचे, आणि ज्या दुकानातून घरचे मीठ-पीठ येते त्याच्याशी भांडण करण्यास कोणती गृहिणी सहज तयार होईल? रिद्धपूरच्या यात्रेस किंवा जाळीच्या देवास जमणाऱ्या माता-भगिनींना महंतांनी हे समजावून द्यावे. शासन पुन्हा हरकती मागवील तेव्हा पोस्टकार्ड लिहिण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

दंडवत प्रणाम.